पहाटेचे आयन, दुपारचे कण

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी स्वतः गर्डियन कंडेन्सर (नळीतून हवा ओढून, व्होल्टता लावून तिच्यातले आयन पकडणारं उपकरण) बनवलाय आणि जानेवारीपासून घराच्या गच्चीवर हवेतले आयन मोजतेय. आयन पहाटे पाच-सहाला सगळ्यात जास्त येतात, दुपारी सगळ्यात कमी. पुस्तकं मात्र सांगतात की हवेत नवे कण जन्मतात ते उन्हात, दहा-अकरापासून पुढे, आणि त्यात आयनांचा हात असतो. मग आयन कमी असतानाच कण कसे जन्मतात? दुसरं, जूनच्या सरींमध्ये ऋण आयन एकदम कित्येक पटींनी चढले. ती नव्या कणांची घटना धरायची का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देऊन टाकतो: नाही, धरू नका. का, ते पुढे येईल. पहिला प्रश्न जास्त मजेचा आहे, त्यावर जरा बसू.

तुमचे आकडे उलटे नाहीत. जानेवारीत कोल्हापूरच्या गच्चीवर पहाटे जास्त आणि दुपारी कमी असंच यायला हवं. उलट आलं असतं तर मी तुम्हाला इन्सुलेटर पुसायला सांगितलं असतं. अडचण एवढीच की तुम्ही मोजताय एक आणि शोधताय दुसरं.

तुम्ही मोजताय ते लहान आयन. हवेतल्या एखाद्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडाला की उरलेल्या धन तुकड्याभोवती आणि इलेक्ट्रॉन पकडलेल्या ऋण तुकड्याभोवती पाण्याचे व इतर रेणू क्षणार्धात गोळा होतात. एक-दीड नॅनोमीटरचं हे गाठोडं मिनिटभर, फार तर दोन-चार मिनिटं जगतं. मग विरुद्ध भाराच्या आयनाला भेटून संपतं, नाहीतर धुळी-धुराच्या कणाला चिकटतं. म्हणजे तुमच्या वहीतला पहाटे पाचचा आकडा हा पाचला दोन मिनिटं कमी असतानाच्या जन्मांचा आणि मरणांचा हिशोब आहे. रात्रभराची साठवण नव्हे.

साठतो तो रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमच्या साखळीतून तो निघतो, अर्धायुकाल ३.८२ दिवस. त्याच्या एका अणूतून सुटणारा अल्फा कण ५.४९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो आणि हवेत एक आयनजोडी बनवायला साधारण ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्च होतात. भागाकार केलात तर दीड लाखावर जोड्या येतात, आणि त्या सगळ्या चारेक सेंटिमीटरच्या वाटेत. दुसरा स्रोत वरून येतो. व्हिक्टर हेस १९१२ साली फुग्यातून ५ किलोमीटरच्या वर गेले आणि उंचीबरोबर आयनीकरण वाढतं हे मोजून आले, ते वैश्विक किरण. जमिनीलगत त्यांचा वाटा घन सेंटिमीटरमागे सेकंदाला दीड-दोन जोड्यांचा, आणि तो दिवसरात्र जवळजवळ सारखाच. समुद्रावर तेवढ्यावरच भागतं. जमिनीवर रेडॉन आणि मातीतून येणारे गॅमा किरण धरून एकूण आकडा १० च्या आसपास मानतात. कोल्हापूरचा खडक बेसाल्ट, त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा कमी, त्यामुळे पुस्तकातला १० हा आकडा इथे डोळे झाकून लावू नका. आणखी एक गोष्ट काळ्या रानाची. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रेडॉनला वर यायला वाट मिळते. मृगाचे दोन पाऊस झाले की माती फुगून भेगा मिटतात, छिद्रांत पाणी बसतं आणि वाट बंद होते. तुमचं घर कुठल्या मातीवर आहे ते वहीत लिहा. मुरमावर असेल तर हाच वक्र वेगळा दिसेल.

आता जानेवारीतली एक पहाट डोळ्यांपुढे आणा. सूर्य उगवायच्या आधी जोतिबाच्या डोंगरावर उभं राहून पूर्वेला, पंचगंगेच्या खोऱ्याकडे बघा. गावं दिसत नाहीत, दुधावर साय धरावी तसा एक थर दिसतो. गळीत हंगाम सुरू असतो, कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर थोडा वर जातो आणि मग जणू काचेला डोकं आपटल्यासारखा आडवा पसरतो. ती काच म्हणजे रात्री थंड झालेल्या जमिनीने तयार केलेलं उलटं तापमान. खाली गार, वर उबदार, त्यामुळे खालची हवा वर जाईना. रात्रभर जमिनीतून निघालेला रेडॉन त्या झाकणाखाली कोंडतो. चुलीचा, पाचटाचा, ट्रॅक्टरचा धूरही तिथेच कोंडतो. साडेआठ-नऊला जमीन तापली की थर खालून ढवळायला लागतो, झाकण वर सरकतं, आणि अकरापर्यंत तीच हवा कितीतरी पट उंचीत वाटली जाते. रेडॉन पातळ होतो, आयनांचा जन्मदर उतरतो, तुमचा वक्र घसरतो.

पण त्याच वेळी जुना धूरही पातळ होतो, आणि इथेच तुमच्या कोड्याची किल्ली आहे. नवा कण जन्मायला ऊन लागतं, वाफा लागतात, आणि तितकीच गरज असते जुन्या कणांची गर्दी ओसरण्याची. आयन घसरण्याचं आणि कण जन्मण्याचं कारण एकच आहे: सकाळी उघडणारं झाकण. दोन वक्र उलट दिशेला जातात ते एकमेकांमुळे नाही, तिसऱ्याच्या हातामुळे.

हे साखर कारखान्यात पॅनवर काम केलेल्या माणसाला मी समजावतो तेव्हा दोन मिनिटांत पटतं, म्हणून तसंच सांगतो. पॅनमध्ये रस घट्ट करत नेतात, मग दाणा सोडतात आणि तो दाणा वाढवतात. पॅनमन मधूनमधून प्रूफ स्टिक ओढून नमुना काचेवर पसरतो आणि उजेडाकडे धरून बघतो. दाणे एकसारखे, मधला पाक स्वच्छ असेल तर तो खूश. मध्ये पिठासारखी बारीक भुकटी दिसली की शिव्या घालतो. ते फॉल्स ग्रेन. आहेत त्या दाण्यांना सामावून घेता येणार नाही इतकी साखर द्रावणात झाली की ती स्वतःहून नवे बारीक दाणे पाडते. दाण्यांचा एकूण पृष्ठभाग भरपूर असेल तर साखर निमूट त्यांच्यावर जाऊन बसते, नवा दाणा पडत नाही. हवेत नेमकं हेच चालतं. साखरेच्या जागी सल्फ्युरिक आम्लाची आणि सेंद्रिय संयुगांची वाफ, दाण्यांच्या जागी जुना धूर. त्या जुन्या कणांच्या वाफ गिळण्याच्या वेगाला आमच्या धंद्यात कंडेन्सेशन सिंक म्हणतात. स्वच्छ जागी तो सेकंदाला एक हजारांशाच्या आसपास असतो, म्हणजे वाफेचा रेणू सरासरी हजार सेकंद मोकळा फिरतो. आपल्याकडच्या शहरी हवेत एक शतांश किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे शंभर सेकंदांत गिळला. फरक एवढाच की पॅनमनला जे नको असतं ते शोधायला आपण गच्चीवर चढतो.

हाच जुना धूर तुमचे लहान आयनही गिळतो, आणि किती ते कागदावर काढता येतं. समतोलात जन्मदर बरोबर परस्परांत विझणारे अधिक कणांना चिकटणारे. परस्पर विझण्याचा गुणांक १.६ दशलक्षांश घन सेंटिमीटर प्रति सेकंद, चिकटण्याचा गुणांक १०० नॅनोमीटरच्या कणांसाठी ढोबळ एक दशलक्षांश धरा, जन्मदर १० धरा. हवेत एकही कण नसेल तर आयन येतात २,५००. घन सेंटिमीटरमागे १,००० कण असतील तर २,२००. १०,००० कण असतील तर ८८० आणि २०,००० असतील तर ४८० च. जन्मदराला हात न लावता आयन पाचाला एक उरले. शेजारच्या रानात संध्याकाळी पाचट पेटवलं की तुमचा आकडा का बसतो, याचं हे उत्तर. आयन कमी दिसले की हवेत काही घडत नाही असं नसतं. बऱ्याचदा खूप काही घडून गेलेलं असतं.

आता वाफ येते कुठून? गंधक डायऑक्साइडवर उन्हात तयार झालेल्या हायड्रॉक्सिलची क्रिया होऊन सल्फ्युरिक आम्ल बनतं. त्याचे रेणू घन सेंटिमीटरमागे दहा लाख ते कोटीभर. मोठा आकडा वाटतो, पण तेवढ्याच जागेत हवेचे रेणू अडीचावर एकोणीस शून्यं इतके आहेत, म्हणजे गंधालाही न पुरणारी मात्रा. गंधक डायऑक्साइड कोल्हापूरच्या आसपास शोधायला लांब जावं लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये जिथे कोकवर क्युपोला (लोखंड वितळवायची भट्टी) चालतो तिथे कोकमधलं गंधक जळतं. साखर पांढरी करायला कारखाने गंधक मुद्दाम जाळून त्याचा वायू रसातून सोडतात आणि थोडा तरी बाहेर सुटतोच. (उसाच्या चिपाडात मात्र गंधक नगण्य, त्यामुळे चिपाडावर पेटवलेल्या गुऱ्हाळाच्या चुलाणातून धूर येतो, हा वायू फारसा नाही.) पण इथल्या उन्हात नुसतं आम्ल आणि पाणी एकत्र येऊन पुंजका टिकत नाही. गरम हवेत बांधलेलं गाठोडं लगेच सुटतं. ते बांधून ठेवायला अमोनिया लागतो, त्याहून घट्ट बांधतात अमाइन (अमोनियाचीच सेंद्रिय भावंडं), शिवाय झाडांच्या वाफांपासून बनलेली जड सेंद्रिय संयुगं. अमोनियाची आपल्याकडे ददात नाही. उसाला युरिया आणि दारात गोठा, अजून काय पाहिजे?

उष्ण कटिबंधाची खोच या गरमीतच आहे. या विषयाचं बरंचसं शहाणपण फिनलंडमधल्या ह्युटियालाच्या पाइनच्या जंगलातून आलंय. तिथे १९९६ पासून सलग मोजमाप चालू आहे. ती हवा थंड आणि स्वच्छ, त्यामुळे जमिनीलगत कण जन्मताना स्वच्छ दिसतात. ॲमेझॉनच्या जंगलात तोच शोध घेतला तेव्हा जमिनीलगत जवळपास काहीच सापडेना, आणि लहान कण तर हवेत होतेच. उत्तर २०१६ मध्ये स्पष्ट झालं: तिथे कण वर, थंड थरात जन्मतात आणि पावसाळी ढगांच्या खाली येणाऱ्या झोताबरोबर जमिनीजवळ पोहोचतात. जंगलातून भरमसाट निघणारं आयसोप्रीन खालच्या गरम हवेत कण जन्मू देत नाही. तेच वर, थंडीत, कणांना जन्म देतं हे २०२४ मध्ये दाखवलं गेलं. तुम्ही ॲमेझॉनमध्ये नाही, पण एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा ही गोष्ट आठवा. दुपारभर घामाने चिकट होऊन बसलेलं असताना चारच्या सुमाराला एकदम गार वारा सुटतो, मातीचा वास येतो, ती हवा वरून आलेली असते. त्या पंधरा मिनिटांत लहान कण वाढलेले दिसले तर ते तुमच्या गच्चीवर जन्मलेत असं लिहू नका.

मग आयनांचा हात किती? आयनाभोवती रेणू जास्त घट्ट धरले जातात, म्हणून भारित पुंजका लवकर विरत नाही, आणि भारामुळे वाफेचे रेणूही त्याच्याकडे जास्त ओढले जातात. सी. टी. आर. विल्सन यांची मेघकोष्ठी (क्लाउड चेंबर, जिच्यात आयनांवर थेंब धरून कणाची वाट दिसते) याच तत्त्वावर चालायची, त्यासाठी त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं. जिनिव्हाच्या सर्नमध्ये क्लाउड नावाचा प्रयोग आहे. मोठ्या पोलादी टाकीत शुद्ध हवा भरून त्यात कणांचा झोत सोडायचा आणि आयन असताना-नसताना कण किती जन्मतात ते मोजायचं. तिथून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. सल्फ्युरिक आम्ल थोडं असलेल्या थंड हवेत आयनांमुळे जन्म कित्येक पटींनी वाढतो. झाडांच्या वाफांपासून, आम्लाशिवायही कण जन्मू शकतात आणि तिथे आयनांची मदत मोठी असते. पण अमाइनसारखा घट्ट बांधणारा घटक आला की भार असो-नसो, पुंजका टिकतो, आयनांची गरज उरत नाही.

शिवाय एक साधी मर्यादा आहे जी लोक विसरतात. सेकंदाला घन सेंटिमीटरमागे दहाच आयनजोड्या जन्मत असतील तर आयनांवर जन्मणारे कण त्याहून फार जास्त होऊच शकत नाहीत. त्यातलेही बहुतेक आयन कण बनायच्या आत विझतात. ह्युटियालासारख्या जागी जमिनीलगत आयनांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. गर्दीच्या, अमोनिया-अमाइनच्या हवेत तो याहून कमी असेल असं माझं मत. म्हणून वैश्विक किरणांनी ढग आणि ढगांनी हवामान ठरतं, अशी सरळ रेघ कुणी ओढली की मी चहा मागवतो. बसून बोलायची गोष्ट आहे ती. आणि ऋण आयन सोडणारं यंत्र म्हणजे ऑक्सिजन, असं दुकानदार सांगतो त्याच्याशी तर वादही घालत नाही.

मोजायचं काय, ते आता. लहान आयन सोडा, मधल्यांकडे वळा. आयनांची वर्गवारी मोबिलिटीवर होते: एका व्होल्ट प्रति सेंटिमीटरच्या क्षेत्रात आयन सेकंदाला किती सेंटिमीटर सरकतो. ०.५ च्या वर लहान आयन, व्यास साधारण १.६ नॅनोमीटरच्या आत. ०.०३४ ते ०.५ पर्यंत मधले, व्यास अंदाजे ७.४ नॅनोमीटरपर्यंत. त्याखाली मोठे, म्हणजे भार बसलेला जुना धूर. शांत हवेत मधले आयन जवळपास नसतातच, घन सेंटिमीटरमागे पन्नासाच्या आत. कारण साधं आहे. त्या आकाराचं काहीही फार वेळ तसं राहत नाही, एकतर वाढतं नाहीतर गिळलं जातं. ते शेकड्यांनी दिसले तर समजायचं, आत्ता, या तासाला काहीतरी जन्मतंय. पहाटेच्या तुमच्या शिखरात हे नसतात, म्हणून ते शिखर जन्माची खूण नाही.

तुमच्या नळीने हे जमेल का? तुम्ही मापं दिली नाहीत, म्हणून माझ्या जुन्या नळीची घेतो. बाहेरच्या नळीची त्रिज्या २.५ सेंटिमीटर, आतल्या दांड्याची अर्धा सेंटिमीटर, लांबी २० सेंटिमीटर. धारिता येते सुमारे ६.९ पिकोफॅरड. पंख्याने सेकंदाला ५०० घन सेंटिमीटर हवा ओढली तर मोबिलिटीची सीमा म्हणजे ढोबळ ६.४ भागिले व्होल्ट. १३ व्होल्टला सीमा ०.५, म्हणजे फक्त लहान आयन पूर्ण पकडले जातात. १९० व्होल्टला सीमा ०.०३४, मधलेही आले. मात्र दोन्हींची वजाबाकी करून मधले मिळाले असं म्हणू नका. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. सीमेखालचे आयन अजिबात येत नाहीत असं नसतं, ते त्यांच्या मोबिलिटीच्या प्रमाणात अर्धवट येतात. मोठे आयन हजारोंनी असतात आणि त्यांचा थोडा वाटाही तुमच्या पन्नास मधल्यांना बुडवून टाकतो. म्हणून निदान पाच-सहा व्होल्टतांवर प्रवाह मोजून वक्र काढा. मधले आयन असतील तर त्या टप्प्यात वक्राला गुडघा येतो, नुसते मोठे असतील तर तो सरळ चढत राहतो. आकडा नाही आला तरी चालेल, गुडघा आहे की नाही एवढं सांगता आलं तरी प्रकल्प उभा राहतो.

प्रवाह किती तेही बघा. ५०० लहान आयन म्हणजे सेकंदाला अडीच लाख भार, ४० फेम्टोअँपियर. प्रवाह मोजणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकला एकावर बारा शून्यं ओहमचा रोध असेल तर बाहेर ४० मिलिव्होल्ट. पन्नास मधल्या आयनांचे ४ मिलिव्होल्ट. जुलैत कोल्हापूरच्या दमटपणात टेफ्लॉनवर पाण्याची पापुद्र्याएवढी झिलई बसली तरी गळती याहून जास्त होते. इन्सुलेटरजवळ एक छोटा रोध कायम गरम ठेवा, हवेपेक्षा दोन-तीन अंश पुरतात. केबल हलू देऊ नका, ती वाकली तरी भार निर्माण होतो. आणि दर तासाला पाच मिनिटं व्होल्टता शून्य करून शून्य लिहा. हा नियम आळसाने मोडला की सगळी वही वाया.

आता पाऊस. थेंब पानावर, कौलावर, डबक्यात आपटून फुटतो तेव्हा बारीक तुषार ऋण भार घेऊन हवेत जातात आणि मोठा थेंब धन राहतो. धबधब्याजवळ हे फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्ये मांडलं. राधानगरीजवळ राऊतवाडीच्या धबधब्याखाली पावसाळ्यात मशीन लावून बघा, ऋण आयन हजारोंनी येतील आणि धनांचा आकडा तेवढा हलणार नाही. तुमच्या गच्चीवर पत्र्याचं शेड आहे का? मग तोच लहान धबधबा. गोंधळ असा की या तुषारांतून सुटणारे ऋण आयन बरोबर मधल्या पट्ट्यात, दोन ते आठ नॅनोमीटरच्या आसपास पडतात, जिथे आपण जन्म शोधतो. ओळखायचं तीन गोष्टींवरून. सर सुरू झाली की ते येतात, थांबली की काही मिनिटांत जातात. ऋण बाजू धनापेक्षा उघड जड असते, खऱ्या जन्मात दोन्ही बाजू उठतात. आणि हे वाढत नाहीत.

वाढ हीच खरी ओळखपरेड. खरी घटना असेल तर दोन-तीन नॅनोमीटरवर सुरू झालेला पट्टा तासाला दोन-पाच नॅनोमीटरने वर सरकत जातो, वेळ आडवी आणि आकार उभा मांडला की केळ्यासारखा आकार दिसतो. अकराला दोन नॅनोमीटरवर जन्मलेला कण तासाला पाचने वाढला तर पन्नासला पोहोचायला रात्रीचे आठ-साडेआठ होतात, तेव्हा कुठे तो ढगाच्या थेंबाचं बीज व्हायच्या लायकीचा होतो. त्यातले बरेच वाटेतच मोठ्या कणांना आपटून संपतात.

यात मी तोंडावर पडलोय, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेच्या गच्चीवर आम्ही एक हिवाळा कण मोजत होतो. रोज साडेनऊच्या सुमाराला दहा-वीस नॅनोमीटरचे कण उसळायचे, मधले आयनही. मी खुशीत तीन आठवड्यांच्या नोंदींवर टिपण लिहून वरिष्ठांना दिलं. त्यांनी एकच विचारलं, "रविवारी का नाही होत रे?" खाली कँटीन होतं. साडेनऊला वडे तळायला गॅसच्या दोन मोठ्या भट्ट्या पेटायच्या, आणि ज्योत ही आयनांची आणि अतिसूक्ष्म कणांची खाणच असते. त्याच वेळी झाकण उघडून वारा फिरायचा आणि तो झोत थेट आमच्या तोंडात. पट्टा वीसवर यायचा आणि तिथेच बसायचा, वर सरकायचा नाही. मला ते दिसत होतं, पण बघायचं नव्हतं. तेव्हापासून मी नव्या जागी गेलो की आधी चुली मोजतो, मग आयन.

प्रदूषण मंडळाच्या पीएम २.५ च्या आकड्यात ही घटना शोधू नका. १० नॅनोमीटरचे दहा हजार कण घन सेंटिमीटरमागे आले तरी त्यांचं वजन घनमीटरमागे ०.००८ मायक्रोग्रॅमच्या आसपास. तो आकडा हलतही नाही. पण दुसऱ्या बाजूने तो उपयोगी आहे: सकाळी पीएम २.५ जास्त असेल तर सिंक जास्त, त्या दिवशी फार आशा ठेवू नका.

पुढच्या हंगामासाठी माझा सल्ला: गळीत संपल्यावरचा आणि वळवाआधीचा मार्च घ्या, आणि तुलनेला डिसेंबरातले काही दिवस. आकाश निरभ्र, वारा पश्चिमेचा, आदल्या संध्याकाळी आसपास पाचट पेटलेलं नाही, असे दिवस. आठ ते दोन दर दहा मिनिटांनी व्होल्टतांची पूर्ण फेरी, धन आणि ऋण दोन्ही. जमलं तर एक दिवस यंत्र पन्हाळ्यावर न्या. तिथे पहाटे तुम्ही झाकणाच्या वर असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे शिखर पाच-सहाला न येता, खोऱ्यातली हवा वर चढते तेव्हा, नऊनंतर यावं. आलं तर झाकणाची सगळी गोष्ट तुम्ही स्वतः मोजलीत.

आणि नळीच्या तोंडाला जाळी लावली असेल तर ती रोज सकाळी बघा. कोळ्याचा एक ओला धागा आतल्या दांड्यापासून बाहेरच्या नळीपर्यंत गेला की २,००० ऋण आयन आरामात तयार होतात. पुढच्या फेरीचे वक्र आले की शून्याच्या नोंदींसकट पाठवा, नुसते शिखरांचे आकडे नकोत.